आमच्या फ्लॅटमधला खारा टँक : पहिल्या वर्षाचा हिशेब

गोड्या पाण्यातले मासे पाळून सात-आठ वर्षं झाली, की प्रत्येकाला कधी ना कधी खाऱ्या पाण्याची खाज सुटते. मला ती 2024च्या पावसाळ्यात सुटली. तोवर माझ्याकडे तीन फुटांचा एक झाडांचा टँक होता. त्यात निऑन टेट्रा, कोरिडोरा, काळ्या मॉली आणि शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई, शिवाय क्वारंटाइनसाठी दोन फुटांची एक जुनी टाकी. सगळं बरं चाललं होतं. पण खाऱ्या पाण्याबद्दल कुणालाही विचारलं तरी दोनच उत्तरं मिळायची. एक, ‘नादाला लागू नकोस, लाखाच्या खाली काही होत नाही.’ दुसरं, ‘काही नाही गं, मीठ टाकायचं फक्त.’ दोन्ही उत्तरं देणाऱ्यांनी स्वतः काही केलेलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, पाणी निम्मं महापालिकेचं आणि निम्मं टँकरचं. तुमच्याकडे आकडे थोडे वेगळे येतील.

दसऱ्याला नक्की केलं आणि पहिला महिना एक रुपयाही खर्च केला नाही. फक्त वाचलं आणि कुर्ला पश्चिमेच्या माशांच्या बाजारात रविवारी सकाळी जाऊन दुकानदारांचे टँक बघितले. विकत काही घ्यायचं नसेल तर दुकानदार फार बोलत नाहीत, पण टँकखालची कपाटं उघडी असतात आणि खरं शिक्षण तिथेच आहे. वर दिसतो तो मासा. खाली संप (पाणी गाळायची दुसरी टाकी), स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), पंप, वायरींचं जंजाळ आणि मिठाचे पांढरे पापुद्रे.

या वाचनातून एक गोष्ट लक्षात आली. गोड्या पाण्यात आपण पाण्याशी खेळतो, नदीतल्या माशाला पावसाळा-उन्हाळा दोन्ही माहीत असतात आणि तो सांभाळून घेतो. प्रवाळखडकातल्या माशाने मात्र क्षारता आणि तापमान जन्मभर जवळपास एकसारखं पाहिलेलं असतं. त्याला पाणी खारट हवं हे खरंच, पण त्याहून जास्त ते आज जसं आहे तसंच उद्या हवं. पुढचा सगळा खर्च आणि सगळी कटकट या एका अपेक्षेपायी आहे.

आता सोसायटी. हा भाग कुणी लिहीत नाही, म्हणून मी लांबवणार आहे.

मी ठरवलेला टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. टँक आणि खालचा संप मिळून अडीचशे लिटर पाणी. त्यात काच, दगड, वाळू आणि लोखंडी स्टँड धरलं तर चारशे किलोच्या आसपास वजन, आणि तेही सहा चौरस फुटांवर. राहत्या घरांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरलेला असतो. आकडे नुसते शेजारी ठेवले तर घाम फुटतो. प्रत्यक्षात तो आकडा पूर्ण खोलीभर पसरलेल्या भाराचा असतो, आणि भिंतीलगत, बीमच्या वर, कॉलमजवळ ठेवलेला चार फुटी टँक बहुतेक इमारतींना जड जात नाही. पण ‘बहुतेक’ या शब्दावर खालच्या मजल्यावरच्या काकांनी विश्वास का ठेवावा?

म्हणून नोव्हेंबरमध्ये, दिवाळी आटोपल्यावर, मी सोसायटीला रीतसर अर्ज दिला. सेक्रेटरींनी अर्ज वाचून विचारलं, “वहिनी, स्विमिंग पूल बांधताय का?” मग कमिटीच्या मासिक सभेपर्यंत थांबा, सभेत विषय निघेपर्यंत थांबा, असं करत महिना गेला. त्यांनी मागितलेले कागद असे: टँक कुठे ठेवणार त्याचा हाताने काढलेला नकाशा, एकूण वजनाचा हिशेब, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि गळती झाली तर खालच्या फ्लॅटची भरपाई मी देईन असं हमीपत्र. इंजिनिअरने इमारतीचे मूळ आराखडे सोसायटीच्या कपाटातून काढायला लावले, घरी येऊन टेप लावला, आणि मी दाखवलेली जागा नाकारून बरोबर समोरची भिंत सांगितली. तिच्याखाली बीम होता. फी 3,000 रुपये. हमीपत्र स्टॅम्प पेपरवर. ऑक्टोबरपासून शंभराचा स्टॅम्प पेपर बंद होऊन किमान पाचशेचा झाला होता, तोही फटका माझ्याच वाट्याला आला. नोटरीचे वेगळे. त्या गृहस्थांनी “मत्स्यालय म्हणजे नक्की व्यवसाय की छंद?” असं दोनदा विचारून मगच शिक्का मारला.

भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाचं पत्रही लागेल. आणि घराचा विमा असेल तर पॉलिसीत पाण्याने होणाऱ्या नुकसानीचं कलम वाचून ठेवा, आमच्यात फक्त पाइप फुटल्याचं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात टँक आला. दहा मिलिमीटर काच, एका कोपऱ्यात वरचं पाणी खाली संपमध्ये सोडणारा ओव्हरफ्लो, खाली तीन कप्प्यांचा संप, सगळं मिळून 19,000 रुपये. स्टँड फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचं करून घेतलं, 9,500. त्याला सांगा की प्रायमरवर इपॉक्सी रंग मारा. साध्या ऑइल पेंटला खारं पाणी वर्षभरात खाऊन टाकतं. स्पिरिट लेव्हल लावून स्टँड सरळ केलं, वर थर्माकोलची शीट, त्यावर टँक. नळाचं पाणी भरून चार दिवस नुसता ठेवला. रोज सकाळी जोडांवर टिश्यू पेपर फिरवायचा. या दिवसांत आणखी एक चाचणी करून घ्या: पंप चालू असताना मेन स्विच बंद करा. लाइट गेल्यावर वरचं काही पाणी पाइपमधून उलटं संपमध्ये उतरतं. ते सगळं संपमध्ये मावलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच भारनियमनात हॉलमध्ये पाणी. आमच्या संपमध्ये चार बोटं जागा उरली. मी तिथे पर्मनंट मार्करने रेघ मारली, पाणी कधीही त्या रेघेच्या वर भरायचं नाही.

इलेक्ट्रिशियनला याच वेळी बोलवा. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं. घरात ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर तो चालतो का पाहा, नसेल तर बसवून घ्या. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबेल अशी सोडा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारा थेंब प्लगमध्ये न शिरता खाली पडेल. माझा बोर्ड मी टँकच्या वरच्या बाजूला, हातभर लांब घेतला.

मग पाणी. आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) टँकरच्या दिवशी साडेतीनशेच्या पुढे जातो. स्वयंपाकघरातला आरओ चालणार नाही, कारण त्यात चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. म्हणून आरओ आणि पुढे उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिन असलेलं वेगळं युनिट घेतलं, बूस्टर पंपासकट 8,000. शेवटी टीडीएस शून्य यायला हवा. कारण तुम्ही विकत घेतलेल्या मिठात हवं ते सगळं मोजून घातलेलं असतं, पाण्याने त्यात स्वतःची भर घालायची नाही. अडीचशे लिटर तयार व्हायला दोन दिवस लागले आणि त्याच्या तिप्पट-चौपट पाणी वाया जाणारं बाहेर पडलं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर विकत घ्यावे लागतात, म्हणून ते पाणी पिंपात साठवून लादी, बाथरूम आणि सोसायटीच्या बागेला दिलं. याचं नियोजन आधी करा. सेक्रेटरींनी पुढचा प्रश्न नेमका हाच विचारला होता.

“समुद्र इथून वीस किलोमीटरवर आहे, मग मीठ विकत कशाला?” हे सासूबाईंनी विचारलं, आणि प्रश्न चुकीचा नाही. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झालं ते समुद्राला लागूनच. पण मुंबईच्या किनाऱ्याच्या पाण्यात गाळ आहे, सांडपाणी आहे, पावसाळ्यात क्षारता कुठल्या कुठे घसरते, आणि गाळून-निवळून घ्यायची मोठी यंत्रणा माझ्या बाल्कनीत मावत नाही. लिटरला 35 ग्रॅम या हिशेबाने अडीचशे लिटरला पावणेनऊ किलो सिंथेटिक मीठ लागलं. वीस किलोची बादली 6,500 ला पडली. उरलेलं पुढच्या पाणीबदलांना पुरतं. खायचं मीठ, सैंधव, जाडं मीठ यांतलं काहीही चालत नाही. त्यात सोडियम क्लोराइड आहे, पण मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट समुद्राच्या प्रमाणात नाहीत.

मीठ नेहमी पाण्यात टाकायचं, मिठावर पाणी नाही. आणि पहिल्या भरणीशिवाय एरवी ते वेगळ्या पिंपात, पंप लावून रात्रभर फिरवायचं. सकाळी पाणी स्वच्छ दिसलं की मोजायचं. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, 1,800 रुपयांत येतो. स्वस्तातला तरंगणारा हायड्रोमीटर घेऊ नका, त्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने शून्यावर आणण्यापेक्षा 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) तयार द्रावणाने जुळवा. आपल्याला जिथे अचूकता हवी ती जागा शून्याजवळ नाही, पस्तिसाजवळ आहे. माझं लक्ष्य 35 पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.026 च्या जवळपास.

दगडांपाशी कायदा आडवा येतो, आणि आला तेच बरं. जुन्या पद्धतीत समुद्रातून काढलेला ‘जिवंत खडक’, म्हणजे सूक्ष्मजीव वस्तीला असलेला खडक, वापरत. आपल्याकडे तो बहुधा मेलेल्या प्रवाळाचाच तुकडा असतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या अनुसूची 1 मध्ये 2001 साली खडक बांधणारी सगळी प्रवाळं, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही घातले गेले. म्हणजे वाघाच्याच यादीत. जिवंत असो, मेलेलं असो, शोकेसमधला तुकडा असो, बाळगणं गुन्हा, आणि शिक्षा तीन ते सात वर्षं. एका दुकानात मला मागच्या बाजूला नेऊन समुद्रघोड्यांची जोडी दाखवली, वर ‘बिल मिळणार नाही’ हेही सांगितलं. बिल न देणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही, हा नियम मी तिथे केला आणि तो पुढे फार उपयोगी पडला. दगड मी कारखान्यात बनवलेले सच्छिद्र घेतले, वीस किलो, 7,000. वाळू अ‍ॅरागोनाइट या चुनखनिजाची, 4,000. पावती फाइलमध्ये.

आमच्याच इमारतीतल्या एकांकडे लाल अरोवाना मासा आहे. त्यांना माझ्या फाइलचं हसू आलं होतं. पण आशियाई अरोवाना साइटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 1 मध्ये आहे, आणि अशा विदेशी प्राण्यांची नोंद 2024च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, हे मी त्यांना दाखवलं तेव्हा ते मला घेऊनच कॉम्प्युटरसमोर बसले. गोड्या पाण्यातला मासा म्हणून कागदपत्र नाहीत असं समजू नका. मला जो पाळायचा होता तो नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश मात्र साइटिसमध्ये नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टँक भरला, पंप चालू, स्किमर चालू, पाणी हलवत ठेवणारे दोन वेव्हमेकर समोरासमोर, तापमान 26. आणि आत एकही जीव नाही. आता जिवाणू वाढेपर्यंत थांबायचं. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि मग टँक मासे ठेवण्याजोगा होतो. हे गोड्या पाण्यातही असतंच. फरक असा, की झाडांच्या टँकचा पीएच सातच्या खाली असेल तर बहुतेक अमोनिया कमी विषारी अमोनियमच्या रूपात असतो. खाऱ्या टँकचा पीएच आठच्या वर, तिथे तेवढ्याच आकड्याला विष बरंच जास्त. त्यात खाऱ्या पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. गोड्या पाण्यातली ‘चार मासे टाकून बघू, टिकतात का’ ही पद्धत इथे सोडून द्यावी.

जिवाणूंना खायला काहीतरी द्यावं लागतं. अमोनियम क्लोराइडच्या बाटल्या मिळतात, पण मी जुना मार्ग घेतला: एक कच्ची कोळंबी. बाजारात आमच्या नेहमीच्या मावशींकडे एकच कोळंबी मागितली. मावशी म्हणाल्या, “एकीने कालवण होतंय का गो?” टँकसाठी हवी म्हटल्यावर त्यांनी टोपली ढवळून टायगरमधली सर्वांत मोठी काढून दिली, पैसे घेतले नाहीत, वर विचारलं, “मेलेलीला पाळतेस काय?” ती कोळंबी जुन्या नायलॉन मोज्यात बांधून दगडाच्या कडेला अडकवली. चौथ्या-पाचव्या दिवशी मोजा फुगल्यासारखा दिसू लागला, पाण्यावर तेलकट तवंग आला आणि हॉलमध्ये मासळी बाजाराचा वास. अमोनिया 2 पीपीएमवर (दशलक्ष भागांत 2 भाग) गेल्यावर मी मोजा बाहेर काढला. पाहुणे यायचे असतील तर बाटलीच आणा.

संक्रांतीच्या सुमाराला अमोनियाची टेस्ट ट्यूब गडद हिरवी होती. जानेवारी संपता संपता ती पिवळी पडत गेली आणि नायट्राइटची जांभळी झाली. मग ती तशीच राहिली. रोज सकाळी चहाच्या आधी पाच मिलिलिटर पाणी, थेंब, हलवणं, पाच मिनिटं, आणि तोच जांभळा. या आठवड्यांमध्ये माणूस बिघडतो. काहीतरी औषध टाकावंसं वाटतं, पाणी बदलावंसं वाटतं. काही करू नका. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी जांभळा फिकट झाला आणि तीन दिवसांत आकाशी. सुक्या दगडाला पाच-सहा आठवडे लागतात म्हणतात, तेवढे लागले. त्याच वेळी पांढऱ्याशुभ्र वाळूवर तपकिरी थर चढला. ते डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ; वाळू आणि दगडातलं सिलिकेट संपलं की जातात. घरच्यांनी ‘एवढे पैसे घालून हे?’ या नजरेने बघितलं, तेवढं सोसावं.

पहिल्या माशांसाठी मी दुकानात गेलेच नाही. माझ्या जुन्या टँकमधल्या काळ्या मॉली घेतल्या.

मॉली हा दोन्हीकडे जगणारा मासा आहे, आपल्या खाडीतली बोईटं फिरतात तसा. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि करून बघणं वेगळं. गोड्या पाण्यातल्या माशाचं शरीर बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतं, म्हणून पाणी सतत आत शिरतं. तो पाणी पीत नाही आणि भरपूर पातळ लघवी करत राहतो. समुद्रातल्या माशाचं उलटं: शरीरातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांमधून बाहेर टाकतो. मॉलीला कल्ल्यांतली ही यंत्रणा उलटी फिरवता येते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. मी बारा लिटरच्या बादलीत स्पंज फिल्टर लावून चार मॉली ठेवल्या, आणि सलाइनच्या नळीसारखी बारीक एअरलाइन, गाठ मारून, टँकमधून बादलीत सोडली. सेकंदाला एक थेंब. रोज थोडं पाणी काढायचं, थेंब चालू ठेवायचे. आठवडाभरात बादली टँकच्या क्षारतेला आली. मधल्या दोन दिवशी त्या तळाशी कल्ले भराभर हलवत बसल्या होत्या, खाणं कमी केलं होतं. नंतर पुन्हा वर येऊन तोंड उघडू लागल्या. टँकमध्ये सोडल्यावर त्यांनी पहिल्या तासात वाळूवरचं शेवाळ टिपायला सुरुवात केली. त्या खाताहेत, घाण करताहेत आणि तरी अमोनिया शून्य, म्हणजे टँक तयार. शिवाय यात समुद्रातून पकडलेल्या माशाचा जीव पणाला लागत नाही. हे निऑन टेट्रा किंवा गोल्डफिशवर करू नका, ते मरतील.

क्लाउनफिश फेब्रुवारीच्या अखेरीस घेतले. प्रजननातून तयार झालेलेच घ्यायचे हे पक्कं होतं. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचं तंत्र बसवलं आहे, त्यामुळे हॅचरीत वाढलेली पिल्लं मिळणं आता अवघड नाही. जोडी 2,200 रुपयांना पडली, बिलासकट. दुकानात माझी एकच अट होती: मला ते दाणे खाताना दाखवा. समुद्रातून पकडलेले मासे बरेचदा दाण्यांकडे बघतही नाहीत. दुकानदाराने आधी टाळाटाळ केली, मग चिमूटभर टाकले, आणि दोन्ही लहानग्यांनी झडप घातली. ‘नर-मादी बघून द्या’ असं सांगायची गरज नाही. क्लाउनफिश सगळे नर म्हणून वाढतात, जोडीतला दांडगा पुढे मादी होतो. एक मोठा, एक लहान एवढं बघायचं.

तरीही ते सरळ टँकमध्ये गेले नाहीत. दोन फुटांची जुनी टाकी, खारं पाणी, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, आणि महिनाभर मुक्काम. गोड्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांवर आपण तापमान वाढवून, मीठ घालून इलाज करतो. समुद्रातल्या ठिपक्यांचा परजीवी वेगळाच आहे, क्रिप्टोकॅरिऑन, मीठ तर त्याच्या घरचंच. त्याच्यावर तांब्याचं औषध चालतं, पण ते मुख्य टँकमध्ये टाकलं तर कोळंबी-गोगलगाई मरतात आणि दगडवाळूत तांबं मुरून राहतं. म्हणून औषध द्यायचं ते वेगळ्या टाकीत. माझ्या जोडीला काही झालं नाही. गुढीपाडव्याला, 30 मार्चला, ते मोठ्या टँकमध्ये गेले. त्यांनी समुद्रफुलाचा (निसर्गात क्लाउनफिश ज्याच्या आसऱ्याला राहतात तो ॲनिमोन) शोध घेतला नाही, दुसऱ्या दिवसापासून परतीच्या पाण्याच्या नळीखाली घर केलं. समुद्रफूल नसलं तरी क्लाउनफिशचं अडत नाही, पण दुकानदार ते ‘सेट’ म्हणून गळ्यात मारू बघतात.

एप्रिल-मे हा खरा परीक्षेचा काळ होता. दुपारी टँक 30 वर जायला लागला. चिलर 38,000 चा. मी तो घेतला नाही. संपवर दोन छोटे पंखे लावले, नऊशे रुपयांत दोन अंश उतरले. प्रवाळ असते तर हे पुरलं नसतं, नुसत्या माशांना 28 चालून जातं. पण पंख्याने बाष्पीभवन वाढतं, एप्रिलमध्ये दिवसाला तीन-साडेतीन लिटर पाणी उडत होतं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणजे भर घालायची ती नेहमी साध्या आरओच्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. रोज हाताने घालायचा कंटाळा दोन दिवसांत येतो आणि क्षारता वर-खाली होते ती वेगळी. तेव्हा उडालेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-अप घेतला, 2,500. मला कुणी एकच सुचवणी मागितली तर मी म्हणेन, लाइटवर पैसे वाचवा आणि हा पहिल्या दिवशी बसवा.

मेच्या पहिल्या आठवड्यात वादळी पावसात रात्री लाइट गेली ती पहाटे आली. तिथे बॅटरीवरचा एअर पंप, सातशे रुपयांचा, कामी आला. आता एक वेव्हमेकर घरच्या इन्व्हर्टरवर आहे, तो जेमतेम दहा वॅट खातो. पंपापेक्षा पाण्याचा पृष्ठभाग हलत राहणं महत्त्वाचं. मग 26 मेलाच मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला, त्याआधीच्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. हवा दमट झाली तशी बाष्पीभवन लिटरभरावर उतरलं आणि पंख्यांचा उपयोगही संपला. पण तोवर उकाडाही ओसरला होता.

पैशांचं एकदाच सांगते. सुरुवातीचा खर्च, सोसायटीचे कागद सोडून, नव्वद हजारांच्या आसपास. त्यात सर्वांत जास्त खटकलेला स्किमरचा 14,000 चा, आणि आता वाटतं तोच सर्वांत रास्त होता. रोज सकाळी त्याच्या कपातून निघणारं काळपट पाणी हुंगलं की पटतं. दर पंधरा दिवसांनी पंचवीस लिटर पाणी बदलते, त्याला महिन्याला साडेपाचशे-सहाशेचं मीठ. वीज सत्तरेक युनिट वाढली. नुसते युनिट मोजू नका, त्यामुळे तुमचं बिल महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये जातं का तेही बघा, आमचं गेलं. माझा वेळ रोज दहा-पंधरा मिनिटं आणि पाणी बदलायच्या रविवारी दीड तास. झाडांच्या टँकला याहून जास्त जायचा, छाटणीच इतकी असे. तो टँक मी जूनमध्ये झाडामाशांसकट माझ्या मैत्रिणीला दिला. दोन्ही सांभाळणारे लोक आहेत, मला जमलं नसतं.

जूननंतर एक लॉनमोअर ब्लेनी आणि एक फायरफिश आले, दोन्ही महिनाभर क्वारंटाइन करून. ब्लेनी दगडावर बसून काचेबाहेरच्या माणसांकडे टक लावून बघतो, घरी सगळ्यांचा लाडका तोच आहे. फायरफिश उड्या मारतो, म्हणून टँकवर आधी जाळी बसवा आणि मगच त्याला आणा. मॉली अजून आहेत आणि खाऱ्या पाण्यातच त्यांना पिल्लं झाली. निळा टँग हवा असा लेकाचा हट्ट होता. तो फूटभर वाढतो आणि त्याला पोहायला सहा फूट लागतात, म्हणून विषय बंद. प्रवाळांविषयी मी निदान अजून वर्षभर विचार करणार नाही.

ऑगस्टच्या अखेरीला गणपतीत आम्ही गावी जातो, त्यामुळे टँक पहिल्यांदाच पाच दिवस दुसऱ्यावर सोडायचा होता. शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला तयार केलं. गोळ्यांच्या सात कप्प्यांच्या डबीत रोजचे दाणे मोजून भरले आणि मोठा डबा कपाटात कुलपात ठेवला, कारण मायेने जास्त खायला घालणारे लोक टँक मारतात. ऑटो टॉप-अपचं पिंप चाळीस लिटरनी भरलं. मेन स्विच, पंपाचा स्विच आणि ‘याला हात लावू नकोस’ असा स्विच, यांवर तीन रंगांच्या चिकटपट्ट्या लावल्या. रोज रात्री टँकचा एक फोटो पाठव, एवढीच त्याला अट. परत आल्यावर मोजलं तर सगळं जागेवर, फक्त क्षारता 35 ची 34 झाली होती. स्किमरचा कप कुणी रिकामा केला नव्हता, तो भरून बाहेर बादलीत वाहिला, तेवढं खारं पाणी गेलं आणि ऑटो टॉप-अपने त्या जागी साधं भरलं. पुढच्या पाणीबदलाचं पाणी थोडं जास्त खारं केलं, मग त्याच्या पुढचंही, आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हळूहळू 35 वर आणलं. आता गावी जाताना स्किमर थोडा कोरडा, म्हणजे फेसाबरोबर पाणी कमी निघेल असा, चालवते आणि त्या मुलाच्या यादीत कप रिकामा करायचं कामही आहे.